साळोख्यांच्या मैदानावर ‘खलास’ म्हणायचं नाही

शारजात नोकरी करून एक दिवस ‘खलास’ हा शब्द न वापरता काढून दाखवा, असं कुणी पैज लावून म्हटलं तर मी पैज न लावताच हरले म्हणून सांगेन. पेट्रोल भरून झालं, खलास. भांडण मिटलं, खलास. सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरात शिक्का बसला, खलास. दुकानदार म्हणतो, टॅक्सीवाला म्हणतो, बँकेतली मुलगी म्हणते, आणि त्याचा अर्थ ‘झालं’, ‘पुरे’, ‘मिटलं’, ‘आता निघा’ यांपैकी काहीही असू शकतो. पण आमच्या युनिव्हर्सिटीच्या फुटबॉलच्या मैदानावर हा शब्द तोंडातून निघाला की मैदानाला दोन फेऱ्या. ही शिक्षा देणारे गृहस्थ म्हणजे आमचे असिस्टंट कोच तानाजी साळोखे. राहणार दुबईतली इंटरनॅशनल सिटी, मूळ गाव कोल्हापूर.

बरं, चांगला रुळलेला शब्द काढून घेतलात तर त्या जागी दुसरा द्यायला नको का? तो त्यांनी दिला, आणि थेट मराठीतून दिला. ‘झालं.’ त्यामुळे आमच्या संघाचा सुदानी कॅप्टन, सीरियन गोलकीपर, बचावफळीतले दोन केरळी आणि एक पाकिस्तानी अशी सगळी मंडळी सराव संपला की ‘जाला, कोच, जाला!’ म्हणून ओरडतात. एकदा तर समोरच्या संघाच्या कोचनं रेफ्रीकडे तक्रार केली की ही मुलं सांकेतिक भाषेत बोलतात. रेफ्रीनं साळोख्यांना विचारलं, हा शब्द कुठल्या भाषेतला? साळोखे म्हणाले, ‘माय मदर.’ मदरटंग म्हणायचं होतं त्यांना. रेफ्री बिचारा त्यांच्या आईला मान देऊन गप्प बसला.

मी त्याच युनिव्हर्सिटीत, स्टुडंट अफेअर्समध्ये. संघ कुठे खेळायला निघाला की विम्याच्या कार्डांची फाईल काखेत मारून त्यांच्यामागे जाणं हे माझं काम. मूळची मी ठाण्याची, फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण नोकरी आहे, करते. शिवाय मीही इंटरनॅशनल सिटीतच राहते, त्यामुळे जाता-येता साळोखे माझ्याच गाडीत असतात. म्हणजे हा माणूस मला मैदानापेक्षा ट्रॅफिकमध्ये जास्त भेटलेला आहे.

अरबांना ‘ळ’ म्हणता येत नाही आणि ‘साळोखे’ तर मुळीच नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांचं ‘कोच सलूकी’ झालं. मुलं इतक्या प्रेमानं हाक मारायची की साळोखे खूष. मग एका दिवशी कुणीतरी मोबाईलवर फोटो दाखवला. सलूकी म्हणजे अरबांचा शिकारी कुत्रा. काटकुळा, लांब पायांचा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. साळोख्यांनी फोटो बराच वेळ न्याहाळला आणि मला म्हणाले, ‘वैनी, साम्य हाय ओ.’ साम्य होतंच. फरक एवढाच की तो कुत्रा म्हणे कशाला भीत नाही.

आणि साळोखे कशाला भीत नाहीत हे सांगणं सोपं आहे. फुटबॉलला. बाकी सगळ्याला भितात. लिफ्टला भितात, म्हणून जिन्यानं जातात. जिन्यात दिवा नसला तर जिन्याला भितात. उन्हाला भितात, विजेला भितात. गाडीत माझ्या शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय सारखा ब्रेक दाबत असतो, जिथे ब्रेकच नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, ‘अहो साळोखे, गाडी मी चालवतेय ना?’ तर म्हणाले, ‘व्हय की. म्हणूनच.’

सगळ्यात जास्त भितात ते फोनला. वाजला की हातातलं सगळं खाली. स्क्रीनकडे असे बघणार की आत विंचू बसलाय. उचलणार नाहीत. मग मागून मेसेज टाकणार, ‘बोला, लिहून बोला.’ आणि कुठलीही बातमी सांगा, चांगली सांगा, वाईट सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. ‘डोळ्यानं बघितलंसा का?’ मी म्हटलं, साळोखे, उद्या सुट्टी जाहीर झाली. डोळ्यानं बघितलंसा का? साळोखे, डीनना मुलगा झाला. डोळ्यानं बघितलंसा का? आता डीनचा मुलगा मी कशाला जाऊन बघू? पण नाही. मी पाहिलं म्हणेपर्यंत चेहऱ्यावरची भीती हलायची नाही. आमच्या ऑफिसात या गोष्टीवर भरपूर हसून झालंय, आणि हसणाऱ्यांत मी पुढे होते.

त्यांची सगळी कारकीर्द म्हणजे दुसऱ्याच्या अर्धं पाऊल मागे उभं राहणं. कोल्हापुरात तालमीच्या संघातून खेळले. तिथे पेठच्या पेठ मॅचला लोटते, हे त्यांच्याकडून ऐकून ऐकून मला पाठ झालंय. मग पोटापाण्यासाठी दुबईच्या जबल अली बंदराजवळच्या एका वेअरहाऊसात हेल्पर म्हणून आले. कंपनीच्या संघात खेळता खेळता कुणाच्या तरी नजरेत भरले, कोचिंगचे कोर्स केले, आणि आमच्याकडे असिस्टंट म्हणून चिकटले ते चिकटलेच. त्यांच्यावर हेड कोच किती आले आणि किती गेले! एक सर्बियन होता, तो मुलांना शिव्या द्यायचा. एक ब्राझीलचा होता, तो नुसताच हसायचा. संघ हरला की हेडची बॅग भरली जायची आणि साळोखे तिथेच, सरावाचे प्लॅस्टिकचे कोन मांडत, पाण्याच्या बाटल्या भरत, बाकावरच्या मुलांना केळी वाटत.

यावर त्यांचं तत्त्वज्ञान तयार होतं. ‘हेड म्हंजे डोस्कं, वैनी. लढाईत पैलं डोस्कंच उडतंय. हातपाय ऱ्हात्यात.’

तर असं हे हातपाय सुखात असताना, ऐन सीझनमध्ये आमचे त्या वेळचे हेड कोच, इजिप्तचे वाएल, तिकडे कोचलाच कॅप्टन म्हणतात म्हणून कॅप्टन वाएल, एका क्लबची ऑफर आली म्हणून एका सकाळी सगळ्यांच्या गालाला गाल लावून निघून गेले. दुपारी स्पोर्ट्सच्या डायरेक्टर डॉक्टर मरियम यांनी साळोख्यांना बोलावलं. बाई इथल्याच, अतिशय सभ्य, आवाज कधी चढत नाही. म्हणाल्या, सीझन संपेपर्यंत हेड तुम्हीच. नीट पार पडलं तर पुढेही तुम्हीच, इन्शाल्ला.

आता ‘इन्शाल्ला’चे इथे छत्तीस अर्थ, पण बाईंचा इन्शाल्ला पक्का असतो. आणि हेडच्या ग्रेडला फ्लॅट आणि फॅमिली व्हिसा. असिस्टंटला यातलं काही नाही. साळोख्यांची बायको शोभा आणि मुलगी गौरी इतकी वर्षं कोल्हापुरात, आणि हे इथे एका खोलीत चौघांबरोबर, आपल्या वाटणीचं फ्रीजचं एक फळकुट सांभाळत. मुलीचं बालपण त्यांनी व्हिडिओ कॉलवर पाहिलं. तेवढा एक कॉल मात्र ते उचलायचे, कारण त्यात माणूस दिसतं. म्हणजे या बढतीत काय पणाला लागलंय हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. मी त्याच संध्याकाळी रोल्लाहून, म्हणजे शारजातल्या आपल्या लोकांच्या बाजारातून, पेढ्यांचा बॉक्स आणला.

दुसऱ्या दिवशी परतताना गाडीत बसले तर चेहरा पांढराफटक. पेढा हातात दिला, तो हातातच राहिला.

‘वैनी, बाईंना न्हाई म्हणून सांगायचं म्हंतोय.’

मी गाडी चालवत होते म्हणून बरं, नाहीतर हात उगारला असता. ‘डोकं फिरलंय का तुमचं? शोभावहिनींना सांगितलंत?’

‘तिनं बॅग भराय घेतली.’

‘मग?’

‘हेडला फोन करावा लागतोय ओ.’

ही आमच्याकडची पद्धत खरी आहे. मैदानावर मुलाला काही झालं, हाड मोडलं, चक्कर आली, तर घरी फोन हेड कोचनं स्वतः करायचा. ऑफिसमधून परक्या माणसाचा फोन गेला की आईवडील घाबरतात, म्हणून. कॅप्टन वाएल तो फोन असा करायचे की पाय मोडल्याची बातमी ऐकून समोरचे हसत असायचे.

‘एवढ्यासाठी बढती सोडणार? अहो, एक फोन! मी करीन तुमच्या वतीनं!’

शारजा-दुबई रस्त्यावर संध्याकाळी गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात. बराच वेळ त्यांचा पाय नसलेला ब्रेक दाबत राहिला. मग पुढच्या गाडीच्या लाल दिव्याकडे बघत त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, आणि माझं हसणं त्या दिवसापासून बंद झालं.

जबल अलीला ते एकटे आले नव्हते. बाळू चव्हाण बरोबर होता. एकाच गल्लीतले, एकाच तालमीतले, हा उजवीकडून खेळायचा तर तो डावीकडून. दोघंही नवीन, अरबीचा एक शब्द येत नाही. भर उन्हाळ्यात वेअरहाऊसच्या दारात बाळू धाडकन खाली पडला. तोंडाला फेस. ॲम्ब्युलन्स आली, घेऊन गेली. साळोख्यांना मागे सोडलं, ड्युटी होती. ते गेटपाशी उभे. दुपार कलल्यावर त्यांचा अरब सुपरवायझर हॉस्पिटलमधून आला, गाडीतून उतरला, हात झटकले आणि साळोख्यांच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, ‘बाळू? खलास. खलास, हबीबी. यल्ला, रूम.’

त्याला म्हणायचं होतं, झालं, मिटलं, काळजीचं काही नाही, जा खोलीवर.

‘आमच्याकडं खलास म्हंजे काय, तुम्हाला म्हाईत हाय,’ साळोखे म्हणाले.

माहीत होतं. गडी खलास म्हणजे गडी गेला. दुसरा अर्थच नाही.

साळोख्यांनी रडत रडत कोल्हापूरला फोन लावला. बाळूच्या घरी. फोन बाळूच्या बायकोनं उचलला.

आणि दिवेलागणीला बाळू हाताला पट्टी लावून खोलीवर आला आणि दारातून म्हणाला, ‘तान्या, जेवाण काय केलंयस?’ साळोखे भूत बघितल्यासारखे किंचाळले, खाटेवरून मागच्या बाजूला पडले. ‘तवा हसलो बगा आम्ही दोघं,’ ते म्हणाले. ‘मिठी मारली, हसलो. आन् मग माझ्या ध्यानात आलं.’

तोवर तिकडे गल्ली गोळा झालेली होती. बायकांनी त्या पोरीला मधे बसवून तिच्या हातातल्या बांगड्या फोडलेल्या होत्या. कुंकू पुसलेलं होतं. तीही विशीतली पोर, लग्नाला वर्ष नव्हतं झालं.

‘जित्या नवऱ्याचं कुंकू मी पुसलं, वैनी. जिभेनं पुसलं.’

बाळू त्यानंतर त्यांच्याशी कधी बोलला नाही. करार संपल्यावर परत गेला, त्याच गल्लीत राहतो. त्याच्या बायकोनं नवीन बांगड्या भरल्या, सगळं झालं, पण तिला म्हणे आजही फोन वाजला की घाम फुटतो. साळोखे सुट्टीवर गेले की बाळूच्या दारावरून जायला नको म्हणून स्वतःच्या घरी मागच्या बोळातून शिरतात.

मी नाक पुसलं आणि मागच्याचा हॉर्न खाऊन गाडी पुढे घेतली. उतरताना एवढंच म्हटलं, ‘साळोखे, शोभावहिनींचा विचार करा. दर मॅचला कुणी पडतंच असं नाही.’ म्हणायला काय जातं! पण त्यांनी ते मनावर घेतलं आणि हेड झाले.

हेड झाल्यावर त्यांची जी अवस्था झाली ती बघवत नव्हती. मुलं हेडिंगचा, म्हणजे चेंडू डोक्यानं मारण्याचा, सराव करायला लागली की डोळे मिटून घ्यायचे. कुणी टॅकल केलं की ‘सावकास! सावकास!’ असं ओरडत आत धावायचे. आमचा संघ त्या दिवसांत जगातला सगळ्यात सभ्य संघ झाला होता. तरी नवल म्हणजे जिंकत होता. डॉक्टर मरियम खूष होत्या. कोल्हापुरात गौरीचा पासपोर्ट आला. साळोखे रोज सकाळी गाडीत बसताना म्हणायचे, ‘काल कोण पडलं न्हाई, वैनी,’ आणि मीही, फुटबॉलमधलं काही न कळणारी बाई, मनातल्या मनात गणपतीला हात जोडायला लागले. भीती अशी लागट असते.

थंडीतली शनिवारची दुपार. मॅच दुसऱ्या कॉलेजच्या मैदानावर. संघात आर्यन नावाचा एक मराठी मुलगा होता, इथेच जन्मलेला. मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देणारा, पण गोड. त्याची आई सुजाता रोल्लात डबे करते. वडील नाहीत. माय-लेक दोघंच.

उत्तरार्ध नुकताच सुरू झाला होता. उंच चेंडू आला, आर्यन उडाला, समोरचा उडाला, आणि डोक्यावर डोकं आपटल्याचा आवाज मी बसले होते तिथपर्यंत आला. समोरचा उठला. आर्यन उठला नाही. हलला नाही. हातही नाही.

ॲम्ब्युलन्स मैदानाबाहेरच उभी असते. स्ट्रेचर आत गेलं. मी फाईल घेऊन धावले, कारण विम्याचं कार्ड माझ्याकडे. ते चढवेपर्यंत साळोखे स्ट्रेचरला हात लावून चालत होते आणि मुलाच्या पापण्या मिटलेल्या होत्या. पॅरामेडिक म्हणाला, बरोबर एकानं चला. मागे रेफ्री घड्याळ दाखवत होता, मॅच पुढे चालू होणार होती. आणि बाकावर दुसरा कोच कोण? कुणीच नाही. असिस्टंटची जागा रिकामी होती, कारण असिस्टंट हेड झाला होता.

‘साळोखे, तुम्ही थांबा,’ मी म्हटलं. ‘मी तशीही गाडीनं हॉस्पिटलला जाणारच आहे, मीच चढते. संघाला सोडून गेलात तर नोकरीचं काय होईल कळतंय ना? शोभावहिनींचा व्हिसा...’

‘कळतंय.’ एक पाय ॲम्ब्युलन्समध्ये, एक जमिनीवर. ‘पर तुम्ही बघाल डोळ्यानं, आन् मला सांगाल तोंडानं.’

दुसरा पायही आत गेला. दार लागलं.

मी गाडी काढताना वळून पाहिलं तर आमच्या बाकाशी बसचे ड्रायव्हर खानभाई उभे. पेशावरकडचा माणूस, उभ्या आयुष्यात क्रिकेटशिवाय काही पाहिलेलं नाही. पण कुणीतरी उभं राहायला हवं म्हणून कमरेवर हात ठेवून ते पश्तूतून संघाला काहीतरी सांगत होते.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये साळोखे भिंतीला पाठ लावून उभे होते. आत स्कॅन चालला होता. त्यांच्या हातातला फोन वाजत होता. थांबायचा, पुन्हा वाजायचा. स्क्रीनवर नाव, ‘आर्यन मम्मी’. मॅच कुणीतरी मोबाईलवर लाईव्ह दाखवत होतं, तिला कुणीतरी कळवलं असणार.

‘उचला!’

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

‘साळोखे, आई आहे ती! तिकडे तिचा जीव जात असेल!’

‘काय सांगू?’ ते माझ्यावर ओरडले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. ‘सांगा की! आत काय हाय ते मला म्हाईत न्हाई, तुम्हाला म्हाईत न्हाई. काय सांगू तिला?’

मी फोन हिसकायला हात पुढे केला, त्यांनी तो छातीशी धरला. तो तिथे वाजत राहिला. माझीही मुलगी कॉलेजात आहे. मला ती आई दिसत होती, गॅस बंद करून, रोल्लाच्या त्या गर्दीच्या रस्त्यावर टॅक्सीला हात करत, कानाला फोन लावून.

दार उघडलं. हिरव्या गाऊनमधला डॉक्टर बाहेर आला, जॉर्डनचा असावा. थकलेला. हातमोजे काढत त्यानं साळोख्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘खलास, कोच.’

इतकी वर्षं इथे काढलीत मी. दिवसातून पन्नास वेळा हा शब्द माझ्या तोंडात असतो. पण त्या क्षणी तो मला अरबीत ऐकूच आला नाही. मनात एकच आलं, गेलं हो पोरगं. घाबरल्यावर माणसाला बहुतेक एकच भाषा येते.

मी खुर्चीत बसले. साळोखे पडतील असं वाटलं, पण ते पडले नाहीत. त्यांनी डॉक्टरला बाजूला सारलं. लिफ्टला भिणाऱ्या माणसानं डॉक्टरला ढकललं. ‘आय सी! विथ माय आईज, आय सी!’ म्हणत ते आत घुसले, नर्स मागे धावली, नर्सच्या मागे मी.

आर्यन पडलेला होता. कपाळावर टेंगूळ. साळोख्यांनी त्याचं पाऊल धरलं, मग हात धरला, दोन्ही हातांनी घट्ट. मुलानं डोळे किलकिले केले.

‘कोच,’ तो म्हणाला, ‘हू इज विथ द टीम?’

‘खानभाई,’ साळोखे म्हणाले.

‘ओह नो,’ आर्यन म्हणाला.

डॉक्टर पाठोपाठ येऊन रागावून सांगत होता की स्कॅन झाला, क्लीन आहे, हेच तर मी सांगत होतो, खलास म्हणजे खलास. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. फोन पुन्हा वाजला. साळोख्यांचं बटण दोनदा चुकलं. पण उचलला त्यांनीच.

‘ताई, मी साळोखे. बसा आधी. मी आर्यनच्या उशाला उभा हाय. त्याचा हात माझ्या हातात हाय, गरम हाय. मी काय सांगत न्हाई. तुम्हीच ऐका.’ आणि फोन मुलाच्या कानाला लावला.

‘हाय मम्मा,’ आर्यन म्हणाला. मग पलीकडून काय आलं कुणास ठाऊक, पण त्याचा चेहरा बदलला आणि तो मराठीत म्हणाला, ‘आई, रडू नको ना.’

संघ तीन गोलांनी हरला. खानभाई म्हणाले, पोरं चांगली आहेत, फक्त पळतात फार.

सोमवारी डॉक्टर मरियम यांनी साळोख्यांना आणि मला बोलावलं. त्यांना अडवलं नाही म्हणून मला ताकीद मिळाली. साळोख्यांना त्यांनी खुर्ची दिली, कॉफी दिली, खजूर पुढे केले, आणि हलक्या आवाजात विचारलं की पंचवीस मुलांचा संघ बस ड्रायव्हरच्या हवाली करून हेड कोच मैदान कसं सोडू शकतो? ‘पुन्हा असं झालं तर थांबाल, एवढं फक्त सांगा. मी हे प्रकरण इथेच मिटवते.’

बाई हात पुढे करून वाट दाखवत होत्या. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. मी टेबलाखालून साळोख्यांच्या बुटावर बूट दाबला.

साळोख्यांनी खजूर खाली ठेवला. त्यांच्या तोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाले ते असं, की मॅडम, हेड कोचनं मैदानातच थांबलं पाहिजे, तुमचं बरोबर आहे. ॲम्ब्युलन्समध्ये असिस्टंट जातो. मला असिस्टंट करा.

बाई उठल्या. मग म्हणाल्या, ‘ॲज यू विश, कोच.’ दारापर्यंत पोचवायला आल्या, हे त्या कुणासाठी करत नाहीत.

परतताना मी रागानं एक अक्षर बोलले नाही. एवढं कसलं ते! एक ‘हो’ म्हटलं असतं तर बायको-मुलगी महिन्यात इथे असती. गाडी ट्रॅफिकमध्ये उभी होती आणि शोभावहिनींचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी फोन समोर डॅशबोर्डवर टेकवून ठेवला. मागे गौरी उड्या मारत होती, पप्पा, व्हिसाचं काय झालं? पलंगावर उघडी बॅग दिसत होती.

‘शोभा,’ साळोखे म्हणाले, ‘तुमचं येणं जमत न्हाई. मी हेड ऱ्हायलो न्हाई.’

गौरी थांबली. वहिनींनी तिला हातानं मागे सारलं. त्या रडणार, चिडणार, माझ्यासमोर काय काय बोलणार म्हणून मी खिडकीबाहेर बघायला लागले.

‘ते पोरगं कसं हाय?’ वहिनींनी विचारलं.

‘बरं हाय. जेवलं काल.’

‘त्याच्या आईला कुणी कळवलं?’

‘मी.’

वहिनी त्याच गल्लीत राहतात. बाळूच्या बायकोच्या शेजारी पाणी भरतात.

‘तुम्ही कळवलं?’

‘व्हय. हात धरून, मग कळवलं.’

शोभावहिनींनी पदरानं डोळे पुसले. ‘मग असूदे,’ त्या म्हणाल्या. ‘आता सुट्टीला याल तवा म्होरच्या दारानं या.’

साळोखे दोन्ही हातांत तोंड धरून माझ्या गाडीत लहान पोरासारखे रडले. पलीकडून वहिनी म्हणत होत्या, ‘मला सगळं दिसतंय हं इथनं,’ आणि त्याही रडत होत्या.